मोती तलाव ते कुक्करहळ्ळी: म्हैसूरच्या मातीच्या बांधांची गोष्ट

आजची गोष्ट एका लढाईच्या नावापासून सुरू करतो. पेशवाईचा इतिहास ज्यांनी थोडाफार वाचलाय, त्यांच्या कानावरून 'मोती तलावाची लढाई' हे शब्द नक्की गेले असतील. मार्च १७७१. थोरले माधवराव आजारी पडून परत फिरलेले, कर्नाटकातली मोहीम त्र्यंबकराव मामा पेठ्यांच्या हाती दिलेली. मेलुकोट्याहून श्रीरंगपट्टणाकडे निघालेल्या हैदर अलीला पेठ्यांनी वाटेत गाठलं आणि त्याचा सडकून पराभव केला. पुस्तकात एवढं वाचून आपण पुढच्या पानावर जातो. पण तलावाचं काय? तो मोती तलाव आजही आहे. म्हैसूरच्या उत्तरेला, पांडवपुराजवळ. गावाचं नाव तोण्णूर, म्हणून कन्नडमध्ये तोण्णूर केरे. रामानुजाचार्य बाराव्या शतकात या भागात राहिले, तेव्हा त्यांनी हा तलाव बांधवून घेतला अशी परंपरा सांगते. १७४६ मध्ये हैदराबादचा नासिर जंग इथे आला, स्वच्छ पाणी बघून खूश झाला आणि त्याने 'मोती तलाव' हे नाव दिलं.

म्हणजे बघा, तलाव कुणी बांधला असेल ते असो, नाव दिलं एका सरदाराने आणि इतिहासात गाजला तो लढाईमुळे. सहा-सातशे वर्षं ज्या बांधाने खालची शेतं भिजवली, त्या बांधाबद्दल आपल्या पुस्तकात एक ओळ नाही. आज मला ती ओळ लिहायची आहे. आजचा नायक राजाही नाही आणि सेनापतीही नाही. आजचा नायक आहे मातीचा बांध.

आधी शब्द समजून घेऊ. कन्नडमध्ये 'केरे' म्हणजे तलाव, पण आपल्या मनात तलाव म्हटल्यावर येतं ते गोल, आपोआप साचलेलं पाणी नाही. केरे हे बांधलेलं पाणी आहे. दोन टेकाडांच्या मधून पावसाळ्यात ओहोळ वाहतो. त्या ओहोळाला आडवी मातीची पाळ घालायची, की वरच्या बाजूला पाणी तुंबतं. त्या पाळीला कन्नडमध्ये म्हणतात एरि. आपल्याकडे भंडारा-गोंदियाला जे मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ते याचेच सख्खे भाऊ. कोहळी समाजाने बांधलेले. तिथल्या माणसाला म्हैसूरचा केरे दाखवलात तर तो म्हणेल, अहो, हे तर आमचंच आहे.

या बांधाला तीन अवयव असतात. पहिली पाळ: चिकणमाती कुटून, थरावर थर देऊन रचलेली, पाण्याच्या बाजूला लाटांनी माती खचू नये म्हणून दगड लावलेले. दुसरा तूबु, म्हणजे पाणी सोडायचं भोक. पाळीच्या पोटातून दगडी मोरी काढलेली असते, तिच्या तोंडावर दगडी खांबांची चौकट आणि वरून खाली जाणारा दट्ट्या. दट्ट्या वर ओढला की पाणी पाटात, खाली दाबला की बंद. तिसरा अवयव कोडी, म्हणजे सांडवा. तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी पाळीवरून न जाता बाजूच्या पक्क्या वाटेने निघून जावं म्हणून.

या तिन्हीत सगळ्यात महत्त्वाचं काय? लोक म्हणतात पाळ. मी म्हणतो कोडी. कारण मातीच्या बांधाचा खरा शत्रू दुष्काळ नसून अतिवृष्टी आहे. दगडी धरणावरून पाणी गेलं तरी ते काही काळ टिकतं. मातीच्या पाळीवरून पाणी एकदा वाहायला लागलं की ते माती कापत जातं, आणि काही तासांत खिंडार पडतं. म्हणून सांडव्याची उंची एक हात इकडे की तिकडे, यावर आख्ख्या गावाचं भवितव्य.

आणि गाव एकटं नसतं. ही म्हैसूरची खरी खासियत. इथे तलाव सुटे नाहीत, माळेत ओवलेले आहेत. वरच्या तलावाची कोडी वाहिली की ते पाणी खालच्या तलावात. त्याची कोडी वाहिली की त्याच्या खालच्यात. असं करत करत शेवटी नदीला. पाण्याचा थेंब नदीत पोचेपर्यंत पाच-सहा ठिकाणी थांबून, काम करून जातो. पण याची दुसरी बाजूही आहे. वरची पाळ फुटली तर लोंढा खालच्या पाळीवर येतो आणि तीही फुटते, मग तिच्या खालची. पत्त्यांचा डाव कोसळावा तसं. त्यामुळे वरच्या गावाने डागडुजीत केलेला आळस खालच्या गावाला भोवतो.

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. म्हैसूरच्या आसपास वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. ७५० धरू. तलावाच्या वर १०० हेक्टर उताराचं रान आहे. त्यावर पडलेल्या पावसातलं बरंचसं जमिनीत मुरतं, उडून जातं. समजा दहा टक्के वाहून तलावात आलं. हिशेब केला तर ते होतं ७५,००० घनमीटर, म्हणजे साडेसात कोटी लिटर. आकडा ऐकून छाती फुगते. पण एक हेक्टर भाताला सहज १२,००० घनमीटर पाणी लागतं. म्हणजे आपल्या साडेसात कोटी लिटरमध्ये भात पिकतो फक्त सहा हेक्टरवर, तेही बाष्पीभवन धरलेलं नाही. सहा हेक्टर! आणि गावात घरं किती? म्हणजे केरे बांधला की प्रश्न संपत नाही, तिथून सुरू होतो. पाणी कुणाला, किती, कधी? भात कुणी लावायचा आणि नाचणीवर कुणी भागवायचं? छोट्या बांधाचा इतिहास हा निम्मा मातीचा आणि निम्मा माणसांच्या वाटपाचा इतिहास आहे.

मग हे बांधले कुणी? राजांनी बांधले, खरं आहे. पण राजांनीच बांधले असं म्हणणं खोटं आहे. कर्नाटकातले शिलालेख वाचले तर तलाव बांधणाऱ्यांत गावचे गौड दिसतात, व्यापारी दिसतात, देवदासी दिसतात, सैनिक दिसतात. आणि एक सुंदर व्यवस्था दिसते. जो तलाव बांधेल किंवा दुरुस्त करेल त्याला त्याच तलावाखालच्या भिजणाऱ्या जमिनीचा एक भाग द्यायचा. जुन्या लेखांत याला 'बित्तुवट्ट' म्हणतात, पुढे 'कट्टुकोडगी' असा शब्द येतो. यातली हुशारी लक्षात घ्या. बांधणाऱ्याला एकरकमी पैसे दिले असते तर तो घेऊन निघून गेला असता. त्याला जमीन दिली ती तलावाच्या खालची. तलाव गाळाने भरला तर त्याचंही शेत वाळणार. म्हणजे त्याची काळजी तलावाला बांधून टाकली.

शास्त्रही होतं. म्हैसूरच्या थोडं बाहेर जाऊ, आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात पोरुमामिळ्ळ नावाचं गाव आहे. विजयनगरच्या बुक्करायाचा मुलगा भास्कर याने तिथे तलाव बांधला आणि १३६९ मध्ये एक संस्कृत शिलालेख कोरून ठेवला. रोज हजार मजूर आणि दगडाच्या कामाला शंभर गाड्या लागल्या, दोन वर्षं काम चाललं, असं त्यात नोंदवलंय. पण खरी गंमत पुढे आहे. चांगल्या तलावाला बारा गोष्टी लागतात आणि सहा दोष टाळावे लागतात, अशी यादीच दिली आहे. दोष कोणते? पाळीतून पाणी झिरपणं. खारी जमीन. तलावाच्या पोटात मध्येच उंचवटा. पाणी थोडं आणि जमीन फार. जमीन थोडी आणि पाणी फार. आणि सहावा दोष ऐका: दोन राज्यांच्या सीमेवरची जागा. साडेसहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर लिहून ठेवलं की सीमेवर पाणी अडवू नका, भांडणं होतील. सीमाभागातले आपले प्रेक्षक आता हसत असतील, मला कल्पना आहे.

पण मंडळी, हे सगळं ऐकून 'अहाहा, काय तो सुवर्णकाळ' असं म्हणू नका. कन्नडमध्ये एक लोकगीत आहे, 'केरेगे हारा', म्हणजे तलावाला दिलेला बळी. गावच्या मल्लनगौडाने तलाव खणला, पण पाण्याचा थेंब लागेना. ज्योतिषी म्हणाला, घरातली सून द्यावी लागेल. मोठ्या सुनांना वगळून घरच्यांनी धाकट्या भागीरथीला निवडलं. तिला कळलं, ती माहेरी जाऊन आली, कुणालाच काही करता आलं नाही. पूजेच्या निमित्ताने तिला तलावात नेलं आणि पाणी चढत गेलं. सैन्यात असलेला तिचा नवरा परत आला, त्याला हे समजलं आणि त्यानेही त्याच तलावात उडी घेतली. हे प्रत्यक्ष घडलं की नाही हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. गाणं पिढ्यानपिढ्या बायकांनी जपलं, यातच उत्तर आहे. गावाच्या पाण्याची किंमत घरातलं कोण मोजतं? ज्याचा आवाज सगळ्यात लहान, तो. हे त्या बायकांना ठाऊक होतं.

आता दुसरा माणूस, ज्याचं नाव कुठल्याच लढाईत येत नाही: नीरुगंटी. नीरु म्हणजे पाणी. हा गावचा पाणकाम्या. तूबुचा दट्ट्या याच्या हातात. कुठल्या पाटाला आज पाणी, कुणाच्या वाफ्याला किती वेळ, तलाव अर्धा असेल तर यंदा किती शेतं लावायची, सगळं हा बघणार. पावसाळी रात्री कंदील घेऊन पाळीवरून फिरणार, खेकड्याने बीळ केलंय का, कुठे झिरपतंय का हे बघणार. त्याचा मोबदला म्हणजे सुगीला प्रत्येक खळ्यावरचा धान्याचा वाटा आणि थोडी इनाम जमीन.

आपल्याकडे जसे बारा बलुतेदार, तसे म्हैसूरच्या गावात बारा अयगार. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट ही मंडळी दोन्हीकडे आहेत. पण म्हैसूरच्या बारांत नीरुगंटी आहे, आणि आपल्या देशावरच्या नेहमीच्या यादीत शेतीचं पाणी वाटणारा माणूस नाही. आपल्याकडे कोळी आहे, पण तो पिण्याचं पाणी भरणारा. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटकरी भेटतो, पण तो त्या भागापुरता. या एका फरकावरून दोन प्रदेशांची शेती कळते. जिथे गावगाडा तलावावर फिरतो, तिथे पाणी वाटणं हा कायमचा हुद्दा होतो.

आणि हा नीरुगंटी कोण असायचा? बहुतेक ठिकाणी दलित. गंमत बघा, गंमत कसली, क्रूर थट्टाच. ज्याच्या हातात आख्ख्या गावाच्या शेतीचं पाणी, त्याला गावाच्या विहिरीवर हात लावायची मुभा नव्हती. त्याच्याकडे पाणी देण्यात ग्रामव्यवस्थेची एक धूर्त सोयही होती. ज्याची स्वतःची जमीन फारशी नाही, तो पाणी स्वतःच्या शेताकडे वळवणार नाही. म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा त्याच्या वंचनेवर उभा केलेला होता. जुन्या व्यवस्थेचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

आता आपल्याकडे, मराठ्यांकडे येऊ. हेही सांगायलाच हवं. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध म्हणजे म्हैसूरसाठी सततची युद्धं. हैदर, टिपू, निजाम, इंग्रज आणि आपण. श्रीरंगपट्टण पडल्यावर १८००-०१ मध्ये फ्रान्सिस बुकानन नावाचा डॉक्टर हा सगळा मुलूख हिंडला. गावोगाव पिकं, तलाव, जाती यांची नोंद करत गेला. त्याच्या नोंदींत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने उजाड केलेली गावं पुन्हा पुन्हा भेटतात. फौज गेली तरी तलाव जागेवरच राहतो, मग बिघडतं काय? बिघडतं हे, की गाव पळून जातं. दोन पावसाळे पाळीवरून कुणी फिरत नाही, कोडी मोकळी करत नाही. तिसऱ्या पावसाळ्यात पाळ फुटते. मातीचा बांध तोफेने फोडावा लागत नाही, त्याला माणसं सोडून गेली तरी पुरतं.

१७९९ नंतर दिवाण पूर्णय्याने राज्याची घडी पुन्हा बसवली. तलाव-कालवे दुरुस्त केले. कावेरीचं पाणी कालव्याने म्हैसूर शहरात आणायचा घाट त्याने घातला होता, तो काही तडीस गेला नाही. पण त्याचा नाला पुढे शहराच्या तळ्यांना पावसाचं पाणी आणून देत राहिला. १८२८ मध्ये मुम्मडी कृष्णराज वडेयरांनी राणीच्या नावाने लिंगांबुधी तलाव बांधवला, १८६४ मध्ये कुक्करहळ्ळी.

याच सुमारास म्हैसूरचा मुख्य अभियंता होता रिचर्ड सँकी. १८६६ मध्ये त्याने लिहून ठेवलं की राज्याचा सुमारे ६० टक्के भूभाग तलावांच्या साखळ्यांखाली आलेला आहे, आणि नवा तलाव बांधायला जागा शोधायची तर डोकं चालवावं लागेल. संस्थानातल्या तलावांची संख्या तेव्हा सुमारे ३८,००० मानली जाई. म्हणजे चौरस मैलाला एकाहून जास्त! हे एका अनुभवी इंग्रज अभियंत्याचं मत आहे, आपल्या अभिमानाचं नाही.

मग प्रश्न येतो. एवढे तलाव होते, तर १८७६ ते १८७८ चा दुष्काळ का झाला? १८७१ च्या खानेसुमारीत म्हैसूरची लोकसंख्या ५० लाख ५५ हजार. १८८१ मध्ये ४१ लाख ८६ हजार. वाढायच्या ऐवजी जवळपास नऊ लाखांनी कमी. तलाव कुठे गेले? उत्तर दुहेरी आहे. एक तर छोटा तलाव एका पावसाळ्याचं पाणी साठवतो, लागोपाठ दोन पावसाळे बुडाले तर तोच कोरडा पडतो. ही त्याची मर्यादा आहे, ती मान्य केली पाहिजे. दुसरं, तलावांची अवस्था आधीच ढासळली होती. जुन्या वहिवाटीत मातीचं काम रयतेने करायचं आणि दगडी काम सरकारने, अशी वाटणी होती. महसुलाची घडी बदलली, तलावामागची इनामं आणि हक्क ढिले पडले, आणि डागडुजी कुणाची हा प्रश्न अधांतरी राहिला. सरकार म्हणे रयतेची, रयत म्हणे सरकारची. गाळ कुणाचंच ऐकत नाही, तो साचत राहिला.

१८८१ मध्ये राज्य वडेयरांकडे परत आलं. १८९२ मध्ये मद्रास सरकारशी करार झाला: म्हैसूरने ठरावीक नद्यांवर मद्रासच्या संमतीशिवाय नवीन बांधकाम करायचं नाही. आठवा तो सहावा दोष! त्यामुळे जुने तलाव नीट ठेवण्याला आणखी महत्त्व आलं. आणि १९११ मध्ये म्हैसूरने तलाव पंचायतींचा कायदा केला. गावकऱ्यांची पंचायत नेमायची, तलावाची देखभाल तिच्याकडे सोपवायची. तेव्हा दिवाण कोण होते? टी. आनंदराव. तंजावरच्या मराठी घराण्यातले, सर टी. माधवरावांचे चिरंजीव. बडोद्याचे दिवाण म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच माधवराव. १७९१ मध्ये याच मुलखात मराठी फौजांनी गावं उजाड केली, आणि सव्वाशे वर्षं व्हायच्या आत एका मराठी दिवाणाच्या कारकिर्दीत तलाव सांभाळायचा कायदा झाला. इतिहास असे हिशेब जुळवत नाही, हे मला माहीत आहे. तरी नोंद करून ठेवावीशी वाटते.

त्याच १९११ मध्ये म्हैसूरजवळ दुसरं एक काम सुरू झालं, कृष्णराजसागर. मुख्य अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्यात शिकलेले, मुंबई इलाख्यात नोकरी केलेले, १९०३ मध्ये खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे. कृष्णराजसागराने मंड्याचं रूप पालटलं, ऊस आला, साखर आली, यात शंकाच नाही. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण तेव्हापासून सरकारची आणि लोकांची नजर मोठ्या धरणाकडे वळली ती वळलीच. मोठं धरण नदीकाठच्या सपाटीला पाणी देतं. कालव्याच्या वर राहणाऱ्या गावाला ते दिसतं, मिळत नाही. त्या गावाला त्याचा केरेच लागतो.

स्वातंत्र्यानंतर वंशपरंपरागत गावकामगारांची वतनं कायद्याने रद्द झाली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवं होतं. फक्त नीरुगंटीचं वतन गेलं तेव्हा त्याचं काम कुणी करायचं, पगार किती, हे नीट ठरलं नाही. पाठोपाठ बोअरवेल आली. ज्याच्या शेतात स्वतःची बोअर, त्याला पाळीवरच्या बैठकीला जायची गरज उरली नाही. आणि गंमत अशी, की त्या बोअरला पाणी येतं ते तलावातून मुरलेलं! तलाव मेला, मग विहीर मेली, मग बोअर आणखी खोल गेली. आज कर्नाटकात ४० हेक्टरांपेक्षा कमी सिंचन असणारे तलाव पंचायतींकडे आणि त्याहून मोठे लघुपाटबंधारे खात्याकडे आहेत. २००० सालानंतर जागतिक बँकेच्या मदतीने तलाव समित्यांचाही प्रयोग झाला. कागदावर वाली आहे. पण पावसाळी रात्री पाळीवर फिरणारा माणूस कागदावर मावत नाही.

म्हैसूरला गेलात तर कुक्करहळ्ळीला जरूर जा. मी तिथे चाललोय. सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी, पाण्यावर झोळीवाले पेलिकन, शेजारी विद्यापीठाचं मानसगंगोत्री आवार. सुंदर जागा आहे. पण चालणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की आपण एका धरणाच्या माथ्यावरून चालतोय? शेतीसाठी बांधलेल्या तलावाखालचं शेत आता शहर झालंय. पाणी आणणारे नाले इमारतींनी अडवले आणि सांडपाणी तलावात शिरलं. शहराच्या नागरिकांनी यासाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला, म्हणून तो निदान पाणी धरून आहे. अनेक तलावांच्या नशिबी तेवढंही नव्हतं, ते बस स्टँड नाहीतर लेआउट झाले.

तर मंडळी, आजचा मुद्दा एवढाच. मातीचा बांध ही एकदा बांधून विसरायची वस्तू नाही. दगडी किल्ला तीनशे वर्षं दुर्लक्ष सोसतो, मातीची पाळ तीन पावसाळेही सोसत नाही. म्हणून हजार वर्षं टिकलेला बांध दिसला की समजायचं, इथे हजार वर्षं कुणी ना कुणी दरसाल फावडं उचललंय. आपल्याकडे पाझर तलाव आहेत, मामा तलाव आहेत, जलयुक्तचे नवे बंधारे आहेत. उद्घाटनाची पाटी सगळ्यांवर असते. तुमच्या गावच्या बंधाऱ्यावर जा आणि तीन प्रश्न विचारा. सांडवा शेवटचा कधी साफ झाला? पाणी सोडायचा अधिकार कुणाकडे आहे? आणि त्या माणसाला त्याचे पैसे कोण देतं? तिन्ही उत्तरं मिळाली तर तो बांध तुमच्या नातवंडांनाही पाणी देईल. तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर पहिली दोन फार दिवस टिकणार नाहीत.

भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार.